कॅमेऱ्याला अंतर दिसत नाही

गाडीच्या पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, एक काळी डबी चिकटवलेली असते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ती असते आणि ती कशासाठी आहे हे बऱ्याच मालकांना ठाऊक नसतं. तिच्यात कॅमेरा असतो. लेन सुटायला लागली की स्टिअरिंग थरथरतं, पुढची गाडी एकदम थांबली की ब्रेक आपोआप लागतो, वेगमर्यादेचा फलक मागे पडला तरी त्याचा आकडा डॅशबोर्डवर दिसत राहतो. यातलं बरंचसं त्या डबीच्या जोरावर चालतं. ज्या गाड्या जवळपास स्वतःच्या स्वतः चालतात, त्यांना असे कॅमेरे चहूबाजूंनी लावलेले असतात.

अशा गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो : तिला माणूस ओळखता येतो का? कुत्रा ओळखता येतो का? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा आहे. समोर काय आहे हे कळण्यापेक्षा ते किती लांब आहे हे कळणं कॅमेऱ्याला जास्त अवघड जातं. या क्षेत्रातली निम्मी अक्कल त्या एका प्रश्नावर खर्च झाली आहे.

कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या हाती चित्र लागतच नाही, आकडे लागतात. १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात आणि प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला १८ कोटींहून जास्त आकडे गाडीतल्या चिपवर येऊन आदळतात. यातला प्रत्येक आकडा एवढंच सांगतो की अमुक दिशेने इतका उजेड आला. तो उजेड पाच मीटरवरून आला की पाचशे, याची नोंद कुठेच नसते. त्रिमिती जग सपाट सेन्सरवर उमटलं की अंतर गळून पडतं, आणि ते परत मिळवायचं तर आडमार्गाने जावं लागतं.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. समजा, कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स चित्र किती मोठं करते याचं माप, पिक्सेलच्या हिशोबात १००० आहे. १.८ मीटर रुंदीची कार ५० मीटरवर असेल तर ती चित्रात ३६ पिक्सेल रुंद दिसेल. अडीच मीटर रुंदीचा ट्रक ७० मीटरच्या आसपास असेल तर तोही ३६ पिक्सेलच. चित्रात दोघांची रुंदी एकच, प्रत्यक्षात वीस मीटरांचा फरक. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला वीस मीटर म्हणजे पाऊण सेकंदाहूनही कमी वेळ. 'ही कार आहे' हे ओळखता आलं तर तिची नेहमीची रुंदी धरून अंतर काढता येतं, पण मग ओळखण्यातली चूक थेट अंतरात उतरते.

म्हणून एकाच कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रणांनी दुसरी युक्ती काढली. समोरची वस्तू हवेत तरंगत नाही, तिची चाकं रस्त्याला टेकलेली असतात. रस्ता सपाट आहे असं धरलं आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर बसवलाय हे माहीत असलं, तर चाकं चित्रात क्षितिजाच्या किती पिक्सेल खाली टेकतात यावरून अंतर निघतं. कॅमेरा १.४ मीटर उंचीवर असेल तर १० मीटरवरची गाडी क्षितिजाखाली १४० पिक्सेलवर टेकते, ५० मीटरवरची २८ वर आणि १०० मीटरवरची १४ वर. गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं आहे, त्यापलीकडे काही नाही.

आता यातली मेख. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. जोरात दाबला तर एखाद्या अंशाने सहज जातं. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण आपल्या या कॅमेऱ्यात एक अंश म्हणजे सुमारे १७ पिक्सेल. नाक खाली गेलं की कॅमेराही खाली वाकतो आणि चित्रातलं सगळं १७ पिक्सेल वर सरकतं. सॉफ्टवेअरने क्षितिज जुन्याच जागी आहे असं धरलं, तर ५० मीटरवरची गाडी क्षितिजाखाली २८ ऐवजी ११ पिक्सेलवर टेकलेली दिसते आणि हिशोब तिला १२७ मीटरवर नेऊन ठेवतो. १०० मीटरवरची गाडी तर क्षितिजाच्या वरच जाते, म्हणजे गणिताच्या दृष्टीने ती रस्त्यावरच नाही. पुढची गाडी किती जवळ आली आहे हे अचूक कळण्याची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असते, नेमक्या त्याच क्षणी ही गफलत होते.

त्यावर उपाय आहेत. समांतर रेषा चित्रात लांबवर एका बिंदूत मिळतात. लेनचे दोन पट्टे जिथे मिळताना दिसतात तिथून क्षितिज दर फ्रेमला नव्याने काढता येतं. वळणं-झुकणं मोजणाऱ्या जायरोस्कोपकडूनही झुकाव कळतो. पण रस्ता पुढे चढाचा असेल तर 'सपाट रस्ता' हे गृहीतकच कोसळतं आणि मग दुसरा काहीतरी पुरावा लागतो.

दोन कॅमेरे लावले तर? आपल्याला दोन डोळे असतात म्हणून हा विचार पहिला सुचतो, आणि तो चांगलाही आहे. दोन कॅमेऱ्यांत एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागी दिसते आणि त्या फरकावरून अंतर निघतं. कॅमेऱ्यांत ३० सेंटीमीटरचं अंतर ठेवलं तर १० मीटरवरच्या वस्तूसाठी हा फरक ३० पिक्सेलचा असतो, १०० मीटरवरच्या वस्तूसाठी फक्त ३. फरक मोजताना अर्ध्या पिक्सेलची चूक झाली असं समजा. जवळच्या वस्तूच्या अंतरात सतरा सेंटीमीटरची चूक येईल, ती चालून जाते. लांबच्या वस्तूच्या बाबतीत उत्तर ८६ मीटरपासून १२० मीटरपर्यंत कुठेही येऊ शकतं. अंतर दहापट झालं की चूक शंभरपट होते. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांची जोडी गल्लीत आणि पार्किंगमध्ये कामाची, हायवेवर दूरचं बघायला तोकडी.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते ती आणखी एक युक्ती, कारण ती अंतराचा प्रश्न सोडवतच नाही, टाळते. ब्रेक लावायचा की नाही हे ठरवायला पुढची गाडी किती मीटरवर आहे हे कळायलाच हवं असं नाही. आपण तिच्यावर किती सेकंदांत आदळू एवढं कळलं तरी पुरतं. समजा, पुढच्या गाडीची चित्रातली रुंदी अर्ध्या सेकंदात ४० पिक्सेलवरून ४४ झाली. आकार दहा टक्क्यांनी वाढला, याचा अर्थ अंतराच्या अकरा भागांतला एक भाग अर्ध्या सेकंदात संपला. उरले दहा भाग. दोन्ही गाड्यांचे वेग तेच राहिले तर ते संपायला पाच सेकंद. गाडीची खरी रुंदी नको, अंतर नको, रस्ता सपाट असण्याची अट नको. फुगत जाणारा आकार तेवढा मोजायचा. जेरुसलेममध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या मोबिलआय कंपनीने एका कॅमेऱ्यावर टक्करीची सूचना देणाऱ्या यंत्रणा बाजारात आणल्या, त्यांत या आकारवाढीच्या हिशोबाचा मोठा वाटा होता.

आता ओळखण्याकडे वळू. जुन्या पद्धतीत माणूस नियम लिहून द्यायचा : उजेड एकदम बदलतो तिथे कड, अशा कडा एका सरळ रेषेत आल्या तर तो लेनचा पट्टा. हे वाटतं तितकं बाळबोध नव्हतं. म्युनिकच्या बुंडेसवेअर विद्यापीठात एर्न्स्ट डिकमान्स यांनी ऐंशीच्या दशकात एक व्हॅन कॅमेऱ्यांवर चालवायला घेतली. १९८७ मध्ये ती रिकाम्या हायवेवर ताशी ९६ किलोमीटरने धावली. १९९५ मध्ये त्यांच्या मर्सिडीज गाडीने म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेपर्यंत जाऊन परत येण्याचा सतराशे किलोमीटरांहून जास्त प्रवास केला. त्यातला बहुतांश प्रवास गाडी स्वतःच चालली, वेग ताशी १७५ किलोमीटरपर्यंत गेला. तेव्हाचे संगणक आजच्या साध्या फोनपुढेही काहीच नव्हेत. डिकमान्स यांची हुशारी अशी की ते प्रत्येक फ्रेम कोरी समजून वाचत नसत. मागच्या क्षणी रस्ता आणि इतर गाड्या कुठे होत्या यावरून आता त्या कुठे असायला हव्यात याचा अंदाज आधी बांधायचा आणि चित्रात फक्त तिथेच बघून अंदाज दुरुस्त करायचा. कालमन फिल्टर नावाचं हे गणित आजही जवळपास प्रत्येक गाडीत वस्तूंचा माग ठेवायला वापरतात.

साधारण त्याच सुमारास, १९८९ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी नियम लिहिण्याचा नाद सोडून दिला आणि न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या प्रोग्रामला, माणसाचं ड्रायव्हिंग दाखवून शिकवलं. त्याला मिळणारं चित्र होतं अवघं ३० बाय ३२ पिक्सेलचं, फोनवरच्या एका आयकॉनपेक्षाही लहान. तेवढ्यावर ते स्टिअरिंग किती वळवायचं ते सांगायचं.

या प्रयोगात एक अडचण आली ती फार बोलकी आहे. चांगला ड्रायव्हर गाडी नेहमी लेनच्या मधोमध ठेवतो. त्याच्याकडून शिकलेल्या नेटवर्कला गाडी कडेला सरकली की पुढे काय करायचं ते माहीतच नसतं, कारण तसं दृश्य त्याने कधी पाहिलेलंच नाही. छोटी चूक झाली की त्यातून मोठी होते. ड्रायव्हरला मुद्दाम झोकांड्या खायला सांगणं धोक्याचं, शिवाय मग नेटवर्क झोकांड्याच शिकेल. पॉमरलो यांनी खरी चित्रं थोडी सरकवून, फिरवून खोटी चित्रं बनवली आणि प्रत्येकासोबत 'अशा वेळी इतकं उलट वळव' असं उत्तर जोडून दिलं. पुढे २०१६ मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने असाच प्रयोग मोठ्या नेटवर्कवर केला तेव्हा गाडीवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तीन कॅमेरे लावले. गाडी मधोमध चालत असतानाच बाजूच्या कॅमेऱ्यांना ती सरकल्यासारखं दृश्य आयतं मिळायचं.

मधल्या काळात पारडं फिरलं होतं. २०१२ मध्ये इमेजनेट या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत टोरांटोच्या चमूचं नेटवर्क १५.३ टक्के चुकांवर आलं. दुसऱ्या नंबरच्या चुका २६.२ टक्के होत्या. त्यानंतर कडा आणि रेषांचे नियम हाताने लिहिण्यात फारसा कुणाला रस उरला नाही.

मात्र नेटवर्कला शिकवायला उत्तरं लिहिलेली चित्रं लागतात आणि ती उत्तरं कुणीतरी बसून लिहावी लागतात. २०१६ च्या सिटीस्केप्स या संग्रहात शहरी रस्त्यांच्या ५००० फोटोंत रस्ता कुठवर, फुटपाथ कुठवर, माणूस, सायकल, खांब कुठे, हे कडांसकट बारकाईने रंगवून ठेवलं आहे. एका फोटोला तपासणीसकट सरासरी दीड तासाहून जास्त वेळ लागला. यंत्र आपोआप शिकतं असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यामागे असा माणसांचा हजारो तासांचा बैठा उद्योग असतो.

आणि एवढं करून यादीत नसलेली वस्तू समोर आली की पंचाईत होतेच. २०१६ च्या मे महिन्यात फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला एका आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि गाडीतल्या माणसाचा जीव गेला. उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू ना ड्रायव्हरला दिसली ना यंत्रणेला, असं टेस्लाने म्हटलं. त्या गाडीत दृष्टीची चिप मोबिलआयची होती. आडवं येणारं वाहन पकडणं हे तेव्हा आमच्या यंत्रणेच्या कामातच नव्हतं, असं त्या कंपनीने सांगितलं. मला या दोन्हींत दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. मागून दिसणाऱ्या गाड्या ओळखायला शिकलेल्या यंत्राला तीच गाडी बाजूने दिसली की ती नवीच वस्तू असते.

२०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली आणि ती मृत्युमुखी पडली. तिथे तर लेझर सोडून अंतर मोजणारा लिडारही होता. अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या अहवालानुसार धडकेआधी ५.६ सेकंद ती गाडीला दिसली होती. पण गाडीची यंत्रणा तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल असं ठरवत राहिली, आणि दर वेळी नाव बदललं की आधीचा माग पुसून ती कुठे चालली आहे हे नव्याने जुळवायला लागली. दिसलं होतं, पण नाव ठरत नव्हतं आणि नावावाचून हालचालीचा अंदाज नव्हता.

त्यामुळे गेल्या काही वर्षांत नाव ठरवण्याआधी जागा ठरवण्याकडे कल वाढला आहे. गाडीभोवतीच्या अवकाशाचे छोटे छोटे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्याबद्दल एकच विचारायचं : हा भरलेला आहे की रिकामा? रस्त्यात सोफा पडलेला असो की उलटलेली हातगाडी, भरलेल्या ठोकळ्यात गाडी घालायची नाही. सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करून नेटवर्क वरून पाहिल्यासारखा एकच नकाशा बनवतं आणि त्यात हे ठोकळे मांडतं. अंतराचा अंदाज नेटवर्क स्वतःच शिकतं. ट्रेनिंगच्या वेळी गाडीवर लिडार असेल तर त्याने मोजलेलं अंतर उत्तर म्हणून दाखवायचं, मग विकायच्या गाडीतून लिडार काढून घेतला तरी चालतं.

पण आजूबाजूला काय आहे हे कळलं तरी मी कुठे आहे हे उरतंच. जीपीएस काही मीटरांनी चुकतो. लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे नुसत्या जीपीएसवर गाडी आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे सांगता येत नाही. इथे कॅमेरा दोन प्रकारे कामी येतो. खांब, फलक, पट्टे अशा खुणा ओळखून नकाशाशी ताडून पाहतो, आणि नकाशा नसेल तर दृश्यातले ठळक बिंदू फ्रेममागून फ्रेम कसे सरकले यावरून गाडी किती हलली, किती वळली हे काढतो. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या रोव्हरांनी हेच केलं. वाळूत चाकं जागच्या जागी फिरली की चाकांच्या फेऱ्यांचा हिशोब फसायचा, मग ते कॅमेऱ्याचं ऐकायचे. रोव्हरांकडे कॅमेऱ्यांची जोडी होती. एकच कॅमेरा असेल तर तो वळण अचूक सांगतो, पण किती मीटर चाललो हे सांगू शकत नाही. आकार-अंतराचा तोच जुना घोळ. ते माप चाकांकडून घ्यावं लागतं.

उजेडाचा त्रास वेगळाच. बोगद्यातून बाहेर पडताना आतला काळोख आणि बाहेरचं ऊन एकाच फ्रेममध्ये येतात. म्हणून गाड्यांसाठीचे सेन्सर १२० डेसिबलच्या आसपासची व्याप्ती झेलतील असे बनवतात, म्हणजे सर्वांत अंधुक आणि सर्वांत झगझगीत बिंदूत दहा लाख पटींचा फरक. एलईडी सिग्नलची भानगड तर गमतीदार आहे. एलईडी दिवे सेकंदाला शंभराच्या वर वेळा उघडझाप करत असतात. आपल्या डोळ्याला ते सलग दिसतात. पण लख्ख उन्हात कॅमेरा एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ उघडतो आणि तो क्षण नेमका दिवा विझलेला असताना आला तर लाल सिग्नल त्या फ्रेममध्ये बंदच दिसतो. त्यासाठी सेन्सरचा काही भाग दहा मिलिसेकंदांहून जास्त वेळ उघडा ठेवतात, म्हणजे एखादी तरी चमक सापडतेच.

मग नुसते कॅमेरे पुरे आहेत का? टेस्लाने २०२१ पासून रडार काढून टाकायला सुरुवात केली. ड्रायव्हरविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमो कंपनीच्या गाड्यांत कॅमेऱ्यांसोबत लिडार आणि रडार दोन्ही असतात. 'माणूस दोन डोळ्यांवरच गाडी चालवतो' हा कॅमेरेवाल्यांचा आवडता मुद्दा. तो मला अर्धवट पटतो. डोळे दोनच असले तरी माणूस मान हलवतो, डोळ्यांवर हात धरतो, काही दिसेनासं झालं की बिचकून वेग कमी करतो. लिडार अंतर मोजतो, कॅमेरा त्याचा अंदाज करतो. अंदाज किती चांगला झाला तरी तो कधी चुकतोय हे सांगणारा दुसरा कुणीतरी सोबत असलेला बरा, निदान गाडीत ड्रायव्हर नसेल तेव्हा तरी. मदतीपुरत्या यंत्रणेला, जिथे माणसाचे हात स्टिअरिंगवर आहेत, कॅमेरा बऱ्याच अंशी पुरतो.

गाडीमालकाच्या कामाची एक गोष्ट मात्र यात आहे. वरचं सगळं गणित कॅमेरा नेमका कुठे आणि कोणत्या दिशेला बघतोय यावर उभं आहे. काच फुटली, नवी बसवली आणि डबी आडव्या दिशेने फक्त एक अंश फिरली, तर १०० मीटरवरची गाडी पावणेदोन मीटर बाजूला दिसेल, म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या वाटेत आल्यासारखी वाटेल किंवा आपल्या पुढची गाडी वाटेत नाहीच असं वाटेल. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. काही गाड्यांसमोर वर्कशॉपमध्ये ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक उभा करतात. काहींना नुसतं ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवायचं असतं. लेनचे पट्टे कुठे मिळतात हे पाहत कॅमेरा आपली दिशा स्वतः जुळवून घेतो, आणि तोवर लेन सांभाळणारी मदत बंद राहते.